पेनिसिलीन आणि त्याचे कुटुंब : ओळख, उपयोग व आपली जबाबदारी

आम्ही वैद्यकशास्त्राचे विद्यार्थी नव्हे. कला शाखेची पदवी घेऊन बँकेच्या काउंटरवर पासबुके भरून देणाऱ्या माणसाने औषधांवर लेख लिहावा, हे काही वाचकांना धाडसाचे वाटेल. परंतु ज्या वस्तूचा व्यवहार सामान्य माणूस रोज करतो, तिची माहिती सामान्य माणसालाही असली पाहिजे, असे आम्हांस वाटते. संध्याकाळी कोणत्याही मेडिकल दुकानासमोर पाच मिनिटे उभे राहावे. कुणी म्हणतो, "ताप आहे, पाचशेच्या दोन गोळ्या द्या." कुणी रिकामी पट्टी पुढे करून "हीच द्या, चार द्या" असे सांगतो. दुकानदार पट्टी कापून देतो, पैसे घेतो, व्यवहार संपतो. या पट्टीत बहुधा ज्या गोळ्या असतात, त्या पेनिसिलीनच्या कुटुंबातल्या असतात. शास्त्रज्ञ या कुटुंबाला 'बीटा-लॅक्टम प्रतिजैविके' म्हणतात. नाव अवघड आहे, पण गोष्ट अवघड नाही. हे औषध कसे काम करते, कोठे करते, कोठे करीत नाही आणि त्याची ताकद आज का ओसरत आहे, एवढेच या लेखात सांगावयाचे आहे.

औषध नव्हते तेव्हा

आपल्या सोलापूरचे सुपुत्र डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे नाव शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. १० ऑक्टोबर १९१० रोजी येथे जन्मलेले डॉ. कोटणीस १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकातील पाच डॉक्टरांपैकी एक म्हणून युद्धग्रस्त चीनमध्ये गेले. पुढे १९४१ मध्ये ते ज्या रुग्णालयाचे प्रमुख झाले, त्या रुग्णालयाला डॉ. नॉर्मन बेथ्यून यांचे नाव दिलेले होते. हे बेथ्यून कॅनडाचे नामांकित शल्यविशारद. जखमी सैनिकावर शस्त्रक्रिया करताना त्यांच्या बोटाला कापले. त्या एवढ्याशा जखमेतून जंतू रक्तात शिरले, सर्व अंगात विष पसरले आणि १२ नोव्हेंबर १९३९ रोजी त्यांचा अंत झाला. ज्या हातांनी शेकडो सैनिकांचे प्राण वाचवले, त्या हाताच्या एका बोटावरची जखम त्यांना वाचवू शकली नाही. डॉ. कोटणीस यांचे निधन ९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराच्या विकाराने झाले, तेव्हा ते अवघे बत्तीस वर्षांचे होते. तोवर त्यांनी जे शेकडो जखमी तपासले, त्यांच्यावर उपचार करताना त्यांच्या हाताशी पेनिसिलीन नव्हते.

हा प्रसंग सांगण्याचे कारण असे की, आज आपल्याला बोट कापणे ही क्षुल्लक गोष्ट वाटते. पण बाळंतपणातील ताप, न्यूमोनिया, पायात घुसलेला खिळा, कानातला पू ही माणसे मरण्याची नेहमीची कारणे होती. तो काळ फार दूरचा नाही. आपल्यापैकी अनेकांच्या आजी-आजोबांच्या बालपणीचा तो काळ आहे.

बुरशीतून निघालेले औषध

लंडनच्या सेंट मेरी रुग्णालयातील अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी सप्टेंबर १९२८ मध्ये पाहिले की, जंतू वाढवण्याच्या एका काचेच्या बशीत बुरशी पडली आहे आणि तिच्या आसपासचे जंतू विरघळून गेले आहेत. बुरशीतून पाझरणाऱ्या द्रव्याला त्यांनी पेनिसिलीन हे नाव दिले व १९२९ साली आपले निरीक्षण प्रसिद्ध केले. परंतु ते द्रव्य शुद्ध स्वरूपात वेगळे काढणे त्यांना साधले नाही. पुढची दहा वर्षे हा शोध जवळपास पडूनच होता.

ऑक्सफर्ड येथे हॉवर्ड फ्लोरी, अर्न्स्ट चेन आणि नॉर्मन हिटली यांनी ते काम हाती घेतले. मे १९४० मध्ये त्यांनी जंतू टोचलेल्या उंदरांवर प्रयोग केला. पेनिसिलीन दिलेले उंदीर जगले, न दिलेले मेले. फेब्रुवारी १९४१ मध्ये अल्बर्ट अलेक्झांडर या पोलीस शिपायाला हे औषध टोचण्यात आले. तोंडावर व डोक्यात पू झालेला तो माणूस चारपाच दिवसांत सुधारू लागला. पण औषधाचा साठाच एवढा अपुरा की, त्याच्या लघवीतून पेनिसिलीन पुन्हा गाळून काढून त्याला देण्याची पाळी आली. अखेर औषध संपले, आजार उलटला आणि मार्चमध्ये तो मरण पावला. औषध गुणकारी आहे हे सिद्ध झाले, परंतु ते पुरेसे नसेल तर उपयोग नाही, हाही धडा त्याच वेळी मिळाला.

पुढे अमेरिकेत मोठमोठ्या टाक्यांत बुरशी वाढवण्याचे तंत्र विकसित झाले आणि दुसरे महायुद्ध संपेपर्यंत पेनिसिलीनचे उत्पादन मोठ्या प्रमाणावर होऊ लागले. १९४५ चे नोबेल पारितोषिक फ्लेमिंग, फ्लोरी व चेन यांना विभागून मिळाले. त्याच वर्षी डोरोथी हॉजकिन या विदुषीने क्षकिरणांच्या साहाय्याने पेनिसिलीनच्या रेणूची रचना उलगडली. त्या रचनेच्या मध्यभागी एक चौकोनी कडे आढळले. तीन कार्बन व एक नायट्रोजन अशा चार अणूंचे हे कडे म्हणजेच बीटा-लॅक्टम. या कुटुंबाची सारी ताकद या एका कड्यात आहे.

पिंपरीचा कारखाना

स्वातंत्र्य मिळाले तेव्हा आपल्या देशात पेनिसिलीन परदेशातून येत असे. ते महाग होते व गोरगरिबांपर्यंत पोचत नव्हते. ही अडचण ओळखून सरकारने पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा कारखाना उभारला. १९५४ साली कंपनी स्थापन झाली व १९५५ मध्ये उत्पादन सुरू झाले. औषधनिर्मितीच्या क्षेत्रातील केंद्र सरकारचा हा पहिलाच उद्योग. त्याला जागतिक आरोग्य संघटनेचे तांत्रिक साहाय्य आणि युनिसेफची यंत्रसामग्री मिळाली होती. आज पिंपरी-चिंचवड हे नाव मोटारींच्या कारखान्यांसाठी घेतले जाते. परंतु त्या गावाच्या औद्योगिक इतिहासाच्या सुरुवातीलाच औषधाचा कारखाना आहे, हे विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे.

पेनिसिलीन बनवणे हे एका परीने ताडी आंबवण्यासारखेच आहे, फक्त येथे स्वच्छता कमालीची लागते. प्रचंड टाकीत साखर, मक्याचा अर्क व क्षार घालून ते मिश्रण निर्जंतुक करतात, त्यात बुरशीचे बीज सोडतात आणि गाळलेली हवा सतत फुंकत राहतात. काही दिवसांनी बुरशी गाळून टाकली की उरलेल्या पाण्यातून पेनिसिलीन काढता येते. यातूनच मिळणारे 'पेनिसिलीन जी' हे पुढच्या अनेक औषधांचा कच्चा माल ठरते. अ‍ॅम्पिसिलीन, अ‍ॅमॉक्सिसिलीन, इतकेच काय सेफॅलेक्सिनसुद्धा त्यापासूनच तयार करतात.

पुढे स्वस्त आयात मालासमोर देशातील पेनिसिलीन जी बनवणारे कारखाने टिकले नाहीत आणि हा कच्चा माल मुख्यतः चीनमधून येऊ लागला. गोळी आपल्या देशात बनते, पण तिचा पाया परक्याच्या हाती, अशी ही अवस्था. २०२० साली केंद्र सरकारने अशा कच्च्या मालाच्या उत्पादनासाठी प्रोत्साहन योजना जाहीर केली आणि तिच्यातून २०२४ मध्ये आंध्र प्रदेशातील काकीनाडा येथे पेनिसिलीन जीचे उत्पादन पुन्हा सुरू झाले.

ताणा, बाणा आणि गाठ

आता हे औषध जंतूला मारते कसे ते पाहू. जिवाणू हा एका पेशीचा जीव. त्याच्या अंगात क्षार व इतर द्रव्ये दाटीने भरलेली असतात, त्यामुळे बाहेरचे पाणी सारखे आत घुसू पाहते. आतला हा दाब सोसण्यासाठी त्याने आपल्याभोवती मजबूत आवरण विणलेले असते. विणलेले हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला आहे. सोलापुरी चादरीत जसा उभा ताणा व आडवा बाणा असतो, तसेच या आवरणात साखरेच्या लांब साखळ्या एका दिशेने असतात आणि त्यांना अमिनो आम्लांच्या आखूड दोऱ्यांनी आडवे जोडलेले असते. या आडव्या दोऱ्यांच्या शेवटच्या गाठी मारणारे एन्झाइम म्हणजे या मागावरचा विणकर.

बीटा-लॅक्टम औषधाचा रेणू दिसायला त्या आडव्या दोऱ्याच्या टोकासारखा असतो. विणकर फसतो व दोरा समजून त्याला पकडतो. ते चौकोनी कडे मुळात ताणलेल्या स्प्रिंगसारखे असते. पकडताक्षणी ते उघडते आणि विणकराच्या हातालाच कायमचे चिकटून बसते. गाठ मारणे थांबते. जिवाणू वाढत असताना जुनी वीण जागोजाग उसवत असतो, नवी वीण मात्र बसत नाही. शेवटी आवरण आतल्या दाबाने फाटते आणि जिवाणू फुटतो.

या एका माहितीवरून तीन गोष्टी आपोआप उलगडतात. पहिली अशी की, माणसाच्या पेशीला असे विणलेले आवरणच नसते. म्हणून हे औषध जंतूला मारते, पण माणसाला सहसा अपाय करीत नाही. गरोदर स्त्रियांना व तान्ह्या मुलांनाही डॉक्टर ते देऊ शकतात ते यामुळेच. दुसरी गोष्ट, सर्दी, फ्लू, डेंग्यू, चिकुनगुन्या हे आजार विषाणूंमुळे होतात. विषाणूला हे आवरण नसते, त्यामुळे तेथे या औषधाचा काडीइतका उपयोग नाही. ज्याला वीणच नाही त्याची वीण उसवणार कशी? तिसरी गोष्ट, काही जिवाणूंना या विणीवर आणखी एक बाहेरचे वेष्टन असते. जुने पेनिसिलीन त्यातून आत शिरू शकत नसे. म्हणून १९६१ साली आलेले अ‍ॅम्पिसिलीन व त्यानंतरची औषधे मुद्दाम त्या वेष्टनातून शिरतील अशी घडवण्यात आली.

कुटुंबातील मंडळी व त्यांची कामे

या कुटुंबाच्या चार शाखा आहेत. पहिली शाखा पेनिसिलीनांची. साधे पेनिसिलीन घशातील स्ट्रेप्टोकोकस जंतू, उपदंश, लेप्टोस्पायरोसिस यांवर आजही उत्तम चालते. उपदंश झालेल्या गरोदर स्त्रीला बेंझाथिन पेनिसिलीन वेळेवर मिळाले, तर पोटातल्या बाळाचे त्या रोगापासून रक्षण होते. यॉज नावाचा त्वचेचा व हाडांचा एक रोग महाराष्ट्रासह अनेक राज्यांतील दुर्गम आदिवासी वस्त्यांत होता. घरोघर जाऊन रोगी शोधणे व त्याला या औषधाचे एक इंजेक्शन देणे, या साध्या उपायाने तो आपल्या देशातून गेला. मे २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत यॉजमुक्त झाल्याचे जाहीर केले. एका स्वस्त इंजेक्शनाने देशातला एक रोग हद्दपार झाला, ही घटना आपल्याकडे पुरेशी माहीत नाही.

याच शाखेतील अ‍ॅमॉक्सिसिलीन लहान मुलांच्या न्यूमोनियावर पहिल्या पसंतीचे औषध आहे. मुलाची छाती आत ओढली जात असेल, श्वास फार जलद चालत असेल, तर घरी न थांबता तातडीने दवाखान्यात न्यावे. गळवे, हाडातील पू अशा ठिकाणी क्लॉक्सॅसिलीन वापरतात.

दुसरी शाखा सेफॅलोस्पोरिनांची. इटलीतील सार्डिनिया बेटावर ज्युसेपे ब्रोत्झू यांनी १९४५ साली समुद्रात सांडपाणी सोडलेल्या जागी सापडलेल्या बुरशीचा अभ्यास केला. तिच्यातून पुढे ही शाखा निघाली. सेफाझोलिनचा एक डोस शस्त्रक्रियेच्या आधी तासाभरात दिला, तर टाक्यांत पू होण्याचा धोका बराच कमी होतो. सिझेरियन असो, हाडाचे ऑपरेशन असो, आज शल्यविशारद निर्धास्तपणे चाकू हाती घेतात त्यामागे हे औषध आहे. सेफ्ट्रायक्झोन मेंदूच्या आवरणाचा दाह, विषमज्वर यांवर देतात, तर सेफिक्झिम विषमज्वरात तोंडाने घेता येते.

तिसरी शाखा कार्बापेनेमांची. इमिपेनेम, मेरोपेनेम ही त्यांतील नावे. अतिदक्षता विभागात, इतर औषधे थकली म्हणजे ही वापरतात. चौथ्या शाखेत अ‍ॅझ्ट्रिओनाम हे जवळपास एकटेच आहे.

क्षयरोगावर मात्र ही नेहमीची औषधे नव्हेत. क्षयाचे जंतू हे चौकोनी कडे फोडणारे एन्झाइम स्वतःच बनवतात. दीर्घ खोकल्यावर अ‍ॅमॉक्सिसिलीनच्या पट्ट्या संपवीत बसणे म्हणजे क्षयाला वेळ देणे होय. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर थुंकी तपासून घ्यावी. ही तपासणी व क्षयाचे औषध दोन्ही सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात.

दर तीन आठवड्यांचे इंजेक्शन

या लेखातील सर्वांत महत्त्वाचा भाग हा आहे, असे आम्ही समजतो. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांना स्ट्रेप्टोकोकस जंतूमुळे घसा धरतो. बहुतेकांचा आपोआप बरा होतो. परंतु काही मुलांत दोनतीन आठवड्यांनी गुडघे, घोटे, मनगटे एकामागून एक सुजतात व ताप येतो. याला संधिवाताचा ताप म्हणतात. शरीराने जंतूविरुद्ध उभी केलेली फौज चुकून स्वतःच्याच सांध्यांवर व हृदयावर चाल करते. सांध्यांची सूज जाते आणि घरची मंडळी निश्चिंत होतात. पण हृदयाच्या झडपांना झालेली इजा राहते. घसा पुन्हा धरला की इजा वाढते. दहापंधरा वर्षांनी तोच मुलगा जिना चढताना धापा टाकतो, तीच मुलगी पहिल्या बाळंतपणात गुदमरते. मग झडपेचे ऑपरेशन, मुंबई-पुण्याच्या फेऱ्या आणि कर्ज.

हा रोग दाटीवाटीने राहणाऱ्या कष्टकरी वस्त्यांत अधिक दिसतो, कारण एका खोलीत सातआठ माणसे झोपत असली की घशातले जंतू एकाकडून दुसऱ्याकडे सहज जातात. आपल्या शहरातील यंत्रमाग कामगारांच्या आणि विडी वळणाऱ्या बायांच्या घरांची रचना वाचकांना सांगायला नको.

यावर उपाय आहे आणि तो स्वस्त आहे. ज्या मुलाला संधिवाताचा ताप येऊन गेला, त्याला दर तीन ते चार आठवड्यांनी बेंझाथिन पेनिसिलीनचे इंजेक्शन द्यावयाचे. आपल्याकडे बहुधा तीन आठवड्यांचे अंतर ठेवतात. हे औषध स्नायूत साठून हळूहळू रक्तात उतरते व पुढचा घशाचा हल्ला होऊ देत नाही. हा क्रम किती वर्षे चालवावयाचा ते डॉक्टर झडपांच्या अवस्थेवरून ठरवतात. साधारणतः तो वयाच्या अठरा ते एकवीस वर्षांपर्यंत चालतो, झडपा बिघडलेल्या असतील तर त्याहून पुष्कळ अधिक. अडचण अशी की, मूल ठणठणीत दिसते, इंजेक्शन दुखते, रोजगार बुडतो आणि तारीख चुकते. कर्जाचा एक हप्ता चुकला तर बँक नोटीस पाठवते. हृदयाची झडप नोटीस पाठवत नाही. म्हणून असे मूल ज्या घरी असेल तेथे कॅलेंडरवर तारखांना खूण करून ठेवावी. शेजाऱ्यांनी, शिक्षकांनी, संस्थेच्या कार्यकर्त्यांनी त्या तारखेची आठवण करून द्यावी. एखाद्या समाजसंस्थेला पैशाशिवाय करता येण्याजोगे याहून मोठे काम आम्हांस तरी सुचत नाही.

रिअ‍ॅक्शनची भीती

पेनिसिलीनची काही लोकांना अ‍ॅलर्जी असते हे खरे आहे. अंगावर पित्त उठणे, ओठ-घसा सुजणे, श्वास कोंडणे, रक्तदाब एकदम उतरणे, अशी तिची लक्षणे आहेत. क्वचित प्रसंगी ती जिवावर बेतते. म्हणून हे इंजेक्शन घरी किंवा अडाणी हाताने कधीही घेऊ नये. जेथे अ‍ॅड्रिनॅलिन तयार ठेवलेले असते अशा ठिकाणीच घ्यावे व नंतर थोडा वेळ तेथे बसून राहावे. पूर्वी त्रास झाला असेल तर औषधाचे नाव चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी खिशात ठेवावी आणि प्रत्येक डॉक्टरांना आधी दाखवावी.

याची दुसरी बाजूही आहे. "मला पेनिसिलीन चालत नाही" असे सांगणाऱ्यांची नीट तपासणी केली, तर दहातील नऊ जणांना ते चालते असे अभ्यासांत आढळले आहे. कुणाला लहानपणी औषधाने जुलाब झालेले असतात, कुणाला तापाबरोबर पुरळ उठलेले असते, आणि तो शिक्का जन्मभर बसतो. मग स्वस्त व अचूक औषध सोडून महाग व अधिक त्रासदायक औषध घ्यावे लागते. अशांनी डॉक्टरांकडून शंकेची शहानिशा करून घ्यावी. मात्र हा प्रयोग स्वतःवर करू नये.

जंतूंचे प्रत्युत्तर

जंतूही गप्प बसलेले नाहीत. पेनिसिलीन बाजारात येण्यापूर्वीच, १९४० साली, एडवर्ड अब्राहम व अर्न्स्ट चेन यांनी दाखवून दिले होते की, काही जिवाणूंपाशी पेनिसिलीन निकामी करणारे एन्झाइम असते. त्याला बीटा-लॅक्टमेज म्हणतात. ते चौकोनी कडे विणकरापर्यंत पोचण्याआधीच कात्रीसारखे कापून टाकते. यावर तोड म्हणून शास्त्रज्ञांनी क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल शोधले. ते स्वतः कात्रीत अडकते व अ‍ॅमॉक्सिसिलीनला पुढे जाऊ देते. या दोघांची जोडगोळी १९८१ पासून बाजारात आहे.

काही जंतूंनी निराळी युक्ती केली. त्यांनी विणकरच बदलला. नव्या विणकराला औषधाचा फसवा दोरा पकडताच येत नाही. १९६१ साली मेथिसिलीनला न जुमानणारे स्टॅफिलोकोकस जंतू इंग्लंडमध्ये सापडले ते असे. आणखी काहींनी बाहेरच्या वेष्टनाची दारे अरुंद केली. आणि सर्वांत चिंतेची गोष्ट ही की, जिवाणू आपली ही विद्या शेजारच्या वेगळ्या जातीच्या जिवाणूलाही देऊ शकतात. परीक्षेत चिठ्ठी पुढच्या बाकावर सरकवावी तसे हे चालते.

२००८ साली स्वीडनमधील एका रुग्णाच्या अंगात कार्बापेनेमांनाही कापणारी कात्री आढळली. तो रुग्ण त्यापूर्वी दिल्लीत रुग्णालयात होता, म्हणून तिला नाव पडले 'न्यू दिल्ली मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज'. नावावरून आपल्याकडे बराच वाद झाला. नावाचा वाद सोडला तरी जंतू आपल्या देशात आहेत हे खरेच आहे. सिंध प्रांतात २०१६ पासून पसरलेला विषमज्वर सेफ्ट्रायक्झोनलाही दाद देत नाही. जगात २०१९ या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे थेट सुमारे १२ लाख ७० हजार माणसे मरण पावली, असा अंदाज २०२२ साली प्रसिद्ध झाला. नव्या औषधांचे संशोधन चालू आहे, पण ते वर्षानुवर्षांचे व अफाट खर्चाचे काम आहे. जंतूंची नवी पिढी मात्र अर्ध्या तासात जन्माला येते.

स्वतः फ्लेमिंग यांनी १९४५ च्या डिसेंबरात नोबेल पारितोषिक स्वीकारतानाच्या व्याख्यानात हा धोका सांगून ठेवला होता. दुकानातून औषध आणून अपुऱ्या मात्रेत घेणारा माणूस जंतूंना मारीत नाही, त्यांना शिकवतो आणि ते शिकलेले जंतू घरातल्या दुसऱ्या माणसाला होतात, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता.

आपण काय करावे

कायदा आहे. १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या 'एच-१' यादीत या कुटुंबातील सेफिक्झिम, सेफ्ट्रायक्झोन, मेरोपेनेम यांसारखी औषधे आहेत. ती विकताना दुकानदाराने डॉक्टरांचे व रुग्णाचे नाव वेगळ्या वहीत नोंदवून ती वही तीन वर्षे जपून ठेवावयाची आहे. प्रतिजैविकांच्या पट्टीवर उभी लाल रेघ असते. लाल रेघ म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये, ही खूण घरातील लहानथोरांना शिकवावी. परंतु कायद्याची वही दुकानात असते आणि सवय आपल्या घरात असते. म्हणून काही गोष्टी आपणच पाळल्या पाहिजेत.

सर्दी-पडशाला, अंगदुखीला, साध्या जुलाबाला आपण होऊन प्रतिजैविक घेऊ नये. डॉक्टरांकडे जाऊन "जोरदार औषध द्या" असा आग्रह धरू नये. उलट "हे प्रतिजैविक आहे का, आणि ते मला खरोखर लागणार आहे का" असे नम्रपणे विचारावे. विचारण्यात कमीपणा नाही. औषध दिले असेल तर सांगितलेल्या मात्रेत, सांगितलेल्या वेळी, सांगितले तितके दिवस घ्यावे. दोन दिवसांत बरे वाटले म्हणून मध्येच सोडू नये आणि आपल्या मनाने लांबवूही नये. उरलेल्या गोळ्या डब्यात साठवून शेजारणीला देऊ नयेत. मूत्रपिंडाचा विकार असल्यास डॉक्टरांना आधी सांगावे, कारण मात्रा कमी करावी लागते. विषमज्वराची शंका असल्यास औषध सुरू होण्यापूर्वी रक्ताचे कल्चर करून घेता येईल का ते विचारावे, कारण औषध पोटात गेल्यावर जंतू सापडणे कठीण होते. आणि हात धुणे, पाणी उकळणे, लसी वेळेवर टोचून घेणे, या गोष्टी कधीही विसरू नयेत. जो आजार झालाच नाही त्याला औषध लागत नाही.

बँकेत आम्ही नाना तऱ्हेची खाती पाहतो. बचत खाते एकाचे असते, संयुक्त खाते दोघांचे असते. पेनिसिलीनची ताकद हे सर्वांचे मिळून एकच संयुक्त खाते आहे. त्यात भर टाकणारे शास्त्रज्ञ थोडे, आणि त्यातून काढणारे आपण सगळे. गरज नसताना एकाने काढलेली रक्कम दुसऱ्याच्या अडीअडचणीच्या वेळी कमी पडते. तो दुसरा म्हणजे कदाचित पुढच्या गल्लीतील बाळंतीण असेल, कदाचित आपलेच नातवंड.

विद्यार्थी मित्रांना एकच सांगणे आहे. आपल्या शहरात १९६३ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि आपल्या वस्त्यांतील मुलेमुली तेथे शिकत आहेत. जे डॉक्टर होतील, त्यांनी चिठ्ठी लिहिताना हे संयुक्त खाते आठवावे. जे फार्मसीकडे जातील, त्यांनी पट्टी कापण्यापूर्वी चिठ्ठी मागावी. आणि जे आमच्यासारखे कला शाखेकडे जातील, त्यांनी हा लेख घरी आई-वडिलांना मोठ्याने वाचून दाखवावा. एवढे झाले तरी आमच्या लिहिण्याचे सार्थक झाले असे आम्ही समजू.